राउटरच्या सॉफ्टवेअरची वेगळी चूल मांडायची तर

ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरवर चालणारं, कोड खुला असलेलं सॉफ्टवेअर. त्याचा फोर्क, म्हणजे कोडची प्रत घेऊन मांडलेली वेगळी चूल, काढायला एक संध्याकाळ पुरते. गिटवरून (कोड इतिहासासकट ठेवणाऱ्या साधनातून) कोड उतरवला, नाव बदललं, इमेज (राउटरवर चढवायची तयार फाइल) बांधली की झालं. खरं काम पुढे आहे: दर सुरक्षा-दुरुस्ती वेळेवर आपल्या प्रतीत आणणं आणि किल्ल्या एकाच माणसाच्या खिशात राहू न देणं. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली वाचनालयं, शाळा आणि तरुण मंडळं यांच्यासाठी आपलं राउटर-फर्मवेअर काढायचं मनात असेल, तर वेगळी चूल खरंच लागते का, ते आधी पाहा.

हवे असलेले सगळे बदल कागदावर लिहून काढा. मराठी स्क्रीन, ठरावीक पासवर्ड, जाहिराती अडवणं, एकेका मोबाइलला वेगाची मर्यादा, एवढंच निघालं तर फोर्क नको. त्यासाठी इमेज बिल्डर हे ओपनडब्ल्यूआरटीचं तयार साधन पुरतं. त्याला मॉडेलचं नाव, पॅकेजांची (बसवायच्या सुट्या प्रोग्रामांची) यादी आणि आपल्या सेटिंगच्या फायलींचा फोल्डर दिला की काही मिनिटांत इमेज तयार होते, कंपाइल काहीच करावं लागत नाही. पहिल्यांदा चालू होताना एकदाच करायची कामं ईटीसीतल्या यूसीआय-डिफॉल्ट्स फोल्डरात स्क्रिप्ट म्हणून ठेवा. ती नीट पार पडली की राउटर ती स्क्रिप्ट स्वतःच पुसतो. स्वतः लिहिलेलं एखादं पॅकेज असेल तर आपला वेगळा फीड (पॅकेजांचा स्रोत) करा, मूळ झाडात (मूळ कोडच्या फोल्डरात) फीड्सच्या फाइलमध्ये फक्त एक ओळ वाढते. फोर्कची पाळी येते ती कर्नलमध्येच (सिस्टिमच्या गाभ्यात) बदल हवा असेल, तुमचे पॅच (कोडमधले बदल) मूळ प्रकल्पात महिनोन्‌महिने पडून राहत असतील, किंवा निर्णय कोण आणि कुठे घेतं हेच कळत नसेल तेव्हा.

या तिसऱ्या कारणाचं ठळक उदाहरण लीड प्रकल्पाचं. मे २०१६ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीच्याच काही मुख्य डेव्हलपरांनी तो वेगळा काढला. तक्रार कोडबद्दल नव्हती, कारभाराबद्दल होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांची १७.०१ आवृत्ती आली, जानेवारी २०१८ मध्ये दोन्ही घरं पुन्हा एक झाल्याचं जाहीर झालं आणि त्याच वर्षी १८.०६ ही आवृत्ती ओपनडब्ल्यूआरटी या जुन्या नावानेच निघाली. नाव जुनं राहिलं, कारभाराचे नियम मात्र लीडचे आले. म्हणून नियमांची सुरुवात तिथून करा. सगळ्या कमिटरांचा (मूळ कोडमध्ये थेट बदल घालू शकणाऱ्यांचा) दर्जा एकच, वर वेगळी ‘कोअर’ मंडळी नाही. निर्णय साध्या बहुमताने. सलग तीन महिने ज्याचा पत्ता लागत नाही, त्याचा कमिटचा आणि मताचा हक्क जातो. नियम बदलायला दोन-तृतीयांश मतं लागतात. प्रकल्पाच्या डोमेनवरचा ईमेल कुणालाच मिळत नाही. हे शेवटचं कलम पोरकट वाटेल, पण असा पत्ता मानाचा होतो, आणि भांडण झालं की सगळ्यात आधी तोच बंद केला जातो.

आपल्याकडे यात एक भर हवी. डोमेन, सर्व्हर आणि बँकेचं खातं एकाच्या नावावर नको. कर्नाटकात १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात माणसं लागतात. तेवढी जमेपर्यंत सर्व्हरचा रूट (पूर्ण ताब्याचा) हक्क निदान तिघांकडे असू द्या, आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख तिघांच्याही कॅलेंडरात टाका.

नावाचं म्हणाल तर ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा ट्रेडमार्क आहे. ‘त्यावर आधारित’ असं लिहा, तेच नाव पुढे-मागे शब्द जोडून वापरू नका. सीमाभागात नाव कन्नड बोलणाऱ्या चार जणांना म्हणून दाखवा. मराठीत गोड वाटणारा शब्द तिकडे भलताच निघू शकतो, आणि वाद राउटरचा राहत नाही.

कोड उतरवताना झिप घेऊ नका, पूर्ण इतिहासासकट क्लोन करा. इतिहास नसेल तर मूळच्या दुरुस्त्या एकेक करून उचलता येत नाहीत आणि परत एकत्र यायचा रस्ताही बंद होतो. शाखा स्थिर आवृत्तीवरून काढा, रोज हलणाऱ्या मुख्य शाखेवरून नको. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत एका पॅटर्नवरून शेकडो साचे निघतात. एका गिऱ्हाइकाला भोक वेगळं हवं म्हणून पॅटर्नला कुणी कानस लावत नाही, कोअर (साच्यात भोकाची जागा धरणारा गाभा) वेगळा करतात. इथेही तसंच करा. बदल छोट्या, सुट्या पॅचमध्ये ठेवा, प्रत्येकाला सही आणि कारण द्या, दर आठवड्याला ते मूळच्या त्याच स्थिर शाखेच्या नव्या टोकावर रीबेस करा (नव्याने चढवा). पॅच वीसच्या वर गेले की समजा, तुम्ही घेतलेलं ओझं पाच माणसांना झेपणारं नाही.

बांधणीसाठी ६४ बिटचं लिनक्स, ८ जीबी रॅम आणि एका टार्गेटसाठी (चिपच्या एका कुळासाठी) २० जीबी मोकळी जागा धरा. रूट म्हणून बांधू नका. फोल्डरच्या नावात स्पेस नको. विंडोजमधल्या लिनक्सवर काम करत असाल तर विंडोजच्या ड्राइव्हवर बांधू नका: तिथे लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जात नाही, आणि पाथमध्ये शिरलेल्या ‘प्रोग्राम फाइल्स’मधल्या स्पेसमुळेही बांधणी अडते. आधी ‘मेक डाउनलोड’ चालवून सगळे सोर्स उतरवून घ्या, मग इंटरनेट गेलं तरी काम चालू राहतं. चार-सहा कोअरवर एकदम बांधताना चूक आली तर खरा संदेश गर्दीत हरवतो. तेव्हा एकाच जॉबवर, सविस्तर आउटपुट चालू करून पुन्हा चालवा. जुलैत खानापूरकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून बांधणीच्या मशीनला यूपीएस हवाच. मध्येच बंद पडलं तर त्या वेळी बांधलं जात असलेलं पॅकेज क्लीन करून पुन्हा सुरू करा, अख्खं झाड पुसायची गरज नाही.

मेनूकॉन्फिगमध्ये (बांधणीचे पर्याय निवडायच्या स्क्रीनवर) इमेजच्या विभागात आवृत्तीची माहिती असते: नाव, मुख्य पत्ता, चूक कळवायचा पत्ता आणि पॅकेज भांडाराचा पत्ता. नवशिके शेवटचा विसरतात. मग राउटर मूळ प्रकल्पाच्या भांडाराकडे जातो. साधी पॅकेजं तिथून बसतातही, पण कर्नल मॉड्यूल (कर्नलला जोडायचा सुटा भाग) बसत नाही, ‘कर्नल जुळत नाही’ असं सांगून थांबतं. कारण कर्नलच्या कॉन्फिगवरून एक हॅश (ओळखीचा आकडा) निघतो आणि मॉड्यूल त्या हॅशला बांधलेलं असतं. तुम्ही कर्नलचा एक पर्याय बदललात तरी हॅश बदलतो. अशा वेळी जबरदस्तीने बसवायचा पर्याय कुणालाही सुचवू नका, राउटर चालू होता होता कोसळू शकतो. आपली मॉड्यूलं आपल्याच भांडारात ठेवा.

सहीच्या किल्लीची गोष्ट अशी. पॅकेजांच्या यादीवर तुमच्या खाजगी किल्लीने सही होते आणि राउटरमधल्या सार्वजनिक किल्लीने ती तपासली जाते. खाजगी किल्ली हरवली की शेतावर, शाळेत, मंडळात बसलेले सगळे राउटर तुमच्या भांडारातलं एकही नवं पॅकेज घेणार नाहीत. म्हणून पहिल्याच इमेजमध्ये दोन सार्वजनिक किल्ल्या टाका. एकीची खाजगी जोड रोजच्या वापरात, दुसरीची दोन पेन ड्राइव्हवर, दोन वेगळ्या गावांत, बंद पाकिटात. पॅकेजं बसवायला २४.१० आवृत्तीपर्यंत ओपीकेजी आहे, पुढच्या शाखेत त्याच्या जागी एपीके आलं आणि किल्लीचा प्रकारही बदलला. शाखा बदलताना हे आठवणीत ठेवा.

सुरुवातीला दोनच मॉडेल घ्या. १६ एमबी फ्लॅश (कायमची साठवण) आणि १२८ एमबी रॅम असलेलीच घ्या, ४ आणि ३२ वाल्या जुन्या डब्यांचे दिवस गेले. दुकानात खोक्यावरचं नाव पाहून भागत नाही, राउटर उलटा करून स्टिकरवरची आवृत्ती वाचा. टीपी-लिंक आर्चर सी६ चंच घ्या: व्ही२ मध्ये क्वालकॉमची चिप, व्ही३ मध्ये मीडियाटेकची. नाव एक, इमेज पूर्ण वेगळी.

प्रत्येक मॉडेलचा एक राउटर उघडून चाचणीला ठेवा. बोर्डवर तीन-चार भोकांची रांग दिसेल, तो सिरियल पोर्ट, म्हणजे राउटरचे संदेश संगणकावर वाचायची जागा. ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर घ्या, ५ व्होल्टचा लावलात तर चिप जाईल. तीनच तारा जोडा: ग्राउंडला ग्राउंड, टीएक्सला आरएक्स, आरएक्सला टीएक्स. व्हीसीसी मोकळी सोडा, राउटर त्याच्या अडॅप्टरवरच चालू द्या. वेग ११५२००. स्क्रीनवर गिचमिड आली तर ५७६०० लावून पाहा आणि ग्राउंडची तार हलतेय का तेही बघा. काहीच आलं नाही तर बहुधा टीएक्स-आरएक्स उलटे आहेत. इमेज चढवताना राउटर यूपीएसवर हवा, कारण फ्लॅश पुसल्यावर आणि नवं लिहून व्हायच्या आत वीज गेली तर फर्मवेअर अर्धवट राहतं. तरी घाबरू नका, सिसअपग्रेड (इमेज चढवणारी आज्ञा) सहसा बूटलोडरला (राउटर चालू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) हात लावत नाही, टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने) परत चढवता येतं. ही परतीची वाट स्वतः करून पाहिल्याशिवाय त्या मॉडेलची इमेज लोकांना देऊ नका.

वायफायच्या सेटिंगमध्ये देशाचा कोड ‘आयएन’ ठेवा. कोड रिकामा राहिला तर ५ गिगाहर्ट्झचे बरेच चॅनल उघडत नाहीत आणि लोक म्हणतात वायफाय बिघडलं. जांबोटीकडच्या टेकड्यांपलीकडे सिग्नल जावा म्हणून पॉवरची मर्यादा उठवणारा पॅच कुणीतरी आणेलच. तो घेऊ नका.

भाषांतर मात्र फोर्कमध्ये साठवू नका. लुसीचं (राउटरच्या सेटिंगच्या स्क्रीनचं) मराठी आणि कन्नड काम वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावरून मूळ प्रकल्पालाच द्या, म्हणजे दर आवृत्तीत ते आयतं परत येतं. शब्दांवर वेळ घालवा. डीएचसीपी लीजला (राउटरने मोबाइलला ठरावीक वेळेपुरत्या दिलेल्या पत्त्याला) ‘भाडेपट्टा’ केलं तर निपाणीचा शेतकरी जमिनीचा उतारा शोधू लागेल. ‘पत्त्याची मुदत’ चालेल. फायरवॉलमधल्या ‘रिजेक्ट’ आणि ‘ड्रॉप’ दोन्हींना ‘नाकारा’ लिहिलंत तर फरकच संपला: एकात समोरच्याला नकार कळतो, दुसऱ्यात काहीच कळत नाही. ‘नकार कळवा’ आणि ‘न कळवता टाका’ असं लिहा.

इमेज दुसऱ्याच्या हातात गेली की जीपीएल हा खुल्या कोडचा परवाना लागू. दहा शाळांना राउटर भरून दिलेत तरी सोर्स द्यावा लागतो, किंवा किमान तीन वर्षं मिळेल असं लेखी द्यावं लागतं. बांधणीसोबत निघणाऱ्या बिल्डइन्फो फायली आणि उतरवलेल्या सोर्सचा डीएल फोल्डर प्रत्येक आवृत्तीबरोबर जपून ठेवा. मूळ सर्व्हरवरून जुने सोर्स गायब होतात.

पहिल्या घोषणेत काय बदललं, काय तसंच आहे, सुरक्षा-आवृत्ती किती दिवसांत मिळेल आणि आधार कधी संपेल, एवढं स्पष्ट लिहा. सात दिवसांचा शब्द दिला तर सणासुदीत, गणपतीतही तो पाळणारा माणूस आधी ठरवा.

आपले सगळे पॅच मूळ झाडात गेले, किंवा माणसंच पांगली, तर एक शेवटची आवृत्ती काढा. तिच्यात मूळ प्रकल्पाचं न बदललेलं कर्नल कॉन्फिग, त्यांच्या भांडाराचा पत्ता आणि त्यांच्या सार्वजनिक किल्ल्या घाला. मग सर्व्हर किमान सहा महिने चालू ठेवा, म्हणजे वाचनालयाच्या कपाटावर धूळ खात चालू असलेल्या राउटरलाही ती आवृत्ती मिळेल.