दोन लाइन घेऊनही नेट बंद? या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातली एक हळदीची पेढी. ऐन सौद्यांच्या दिवसांत त्यांचं नेट गेलं. दोन कंपन्यांची फायबर, दर महिन्याला दोन बिलं, तरी ई-वे बिल निघेना आणि भरलेली गाडी दारात उभी. बाहेर जाऊन पाहिलं तर दोन्ही वायरी एकाच खांबावरून आलेल्या. उसाच्या ट्रॉलीनं दोन्ही एका झटक्यात ओढून नेल्या होत्या.

पुष्कळदा दोन्ही कंपन्यांची जोडणी एकच लोकल केबलवाला करून देतो. म्हणून दुसरी लाइन घेण्याआधी मान वर करून रस्त्याच्या टोकापर्यंत चालत जा, वायर कुठून येते ते बघा. वाट एकच असेल तर दुसरी सोय फोरजी-फाइव्हजी सिमच्या राउटरची करा. अर्थात ऑगस्ट २०१९ सारखा पूर आला, आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ च्या वर गेली, की टॉवरच्या बॅटरीचाही भरवसा नाही.

त्यानंतरची चूक राउटरच्या सेटिंगमध्ये असते, आणि मला सगळ्यात जास्त हीच सापडते. बाहेर फायबर तुटली तरी ऑफिसातल्या ओएनटीचा, म्हणजे फायबर जिला जोडलेली असते त्या कंपनीच्या डबीचा, लॅन पोर्ट (राउटरकडे वायर जाते तो) चालूच राहतो. राउटरला वाटतं सगळं ठीक आहे, तो दुसऱ्या लाइनवर जातच नाही. काही जण पिंग चेक लावतात, म्हणजे राउटर एका पत्त्याला सारखी हाक मारून उत्तर येतं का बघतो, पण पत्ता देतात ओएनटीचाच, म्हणजे १९२.१६८.१.१. तो शेजारीच बसलाय, उत्तर देणारच! बाहेरचे दोन पत्ते द्या, ८.८.८.८ (गूगलचा) आणि १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा). लागोपाठ तीन-चार पिंग चुकल्यावरच लाइन बदलू दे, नाहीतर दिवसभर इकडून तिकडे उड्या.

दोन्ही लाइनच्या मोडेमचा (ओएनटी असो वा सिमचा राउटर) पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर राउटर गोंधळतो. एकाचा बदला, आणि आतल्या नेटवर्कला पत्त्यांची तिसरीच रेंज द्या.

दोन्ही लाइन एकदम वापरायचा मोहही आवरा. मधेच आयपी (इंटरनेटवरचा आपला पत्ता) बदलला की बँकेची साइट लॉगआउट करते आणि दोष मात्र बँकेला. बँक आणि जीएसटी पोर्टल एकाच लाइनला बांधून ठेवा. सिमवर सहसा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता, नसतो, त्यामुळे घरून कॅमेरे बघण्यासाठी केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग तिथे चालत नाही.

कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आणि ओएनटी साध्या बोर्डावर, हा प्रकार कुपवाड एमआयडीसीत किती पाहिला! ओएनटी, राउटर, स्विच, तिन्ही यूपीएसवर घ्या.

चाचणी घेताना लॅनची वायर काढू नका, ती सोपी परीक्षा झाली. ओएनटीची फायबर काढा (टोक डोळ्यासमोर धरू नका) आणि मिनिटभर थांबा. पेढीवर हे काम आम्ही दिवाणजींकडे दिलं, महिन्यातून एका रविवारी. पहिल्याच रविवारी त्यांचा फोन आला: सिमचा रिचार्ज दीड महिन्यापूर्वीच संपला होता.