अंटार्क्टिकाच्या बर्फासाठी रडार बनवायचंय? आधी प्रश्न ठरवा

इंदूरच्या काळ्या मातीवर पावसाळ्यात जीपीआर (जमिनीत रेडिओ लहरी सोडून खालचं दाखवणारं रडार) फिरवलात तर एक-दोन मीटरपुढे काही दिसायचं नाही, ओली चिकणमाती सिग्नल गिळून टाकते. अंटार्क्टिकाच्या थंड बर्फातून मात्र 3 किलोमीटरखालचा तळ दिसतो. पण त्यासाठी पाइप शोधायचं रेडीमेड मशीन चालत नाही, त्याची फ्रिक्वेन्सी फारच वरची असते.

आधी हे ठरवा की बघायचंय काय. उदाहरणार्थ जुना बर्फ: अंटार्क्टिकातल्या लिटल डोम सी या ठिकाणी जानेवारी 2025 मध्ये 2,800 मीटरचा कोअर (ड्रिलने काढलेला बर्फाचा दंडगोल) पूर्ण झाला, किमान 12 लाख वर्षं जुना, आणि तळाकडे एकेका मीटरमध्ये 13,000 पर्यंत वर्षं दबलेली! आता कोणी म्हणेल की मग सगळ्यात जाड बर्फ गाठा, पण तसं नाही, बर्फ फार जाड असला की जमिनीतली उष्णता खाली अडकते, तळ वितळतो आणि जुना बर्फ पाणी होऊन जातो. म्हणजे रडारला थर, तळ आणि तळाशी पाणी आहे का, हे तिन्ही दिसलं पाहिजे (पाण्याचा एको, म्हणजे परत आलेला सिग्नल, एकदम चमकतो).

हिशोब सोपा आहे. बर्फात वेग मायक्रोसेकंदाला 168 मीटर, म्हणजे 3 किलोमीटर जाऊन यायला साधारण 36 मायक्रोसेकंद. 30 मेगाहर्ट्झ बँडविड्थला (सिग्नल जेवढ्या फ्रिक्वेन्सींत पसरलाय तो पट्टा) 2.8 मीटरचे थर सुटे दिसतात, 300 ला 28 सेंटिमीटरचे. पल्स 1 मायक्रोसेकंदाची ठेवली तर तेवढा वेळ रिसीव्हर बंद, वरचे 84 मीटर गेले, म्हणून वरच्या भागासाठी छोटी पल्स आणि खोलीसाठी लांब चर्प (फ्रिक्वेन्सी सरकत जाणारी पल्स), आलटून पालटून सोडा. 1,000 एको बेरीज केले की सिग्नल नॉइजच्या तुलनेत 30 डीबी, म्हणजे हजारपट, वर येतो, पण ट्रान्समीटर आणि एडीसी (आलेल्या सिग्नलचे आकडे करणारी चिप) एकाच क्लॉकवर हवेत. माझे वेगवेगळ्या क्लॉकवर होते, दोन रात्री बेरजेत नुसता नॉइजच येत होता, आणि मी बसलोय अँटेनाला शिव्या देत.

टेबलावर टेस्ट करायला 7 किलोमीटर ऑप्टिकल फायबरचा रोल लावा, 36 मायक्रोसेकंदाच्या जवळ डिले मिळतो. मी मे महिन्यात फॅक्टरीतून बर्फाची लादीपण आणली होती, 30 सेंटिमीटर जाड, 1 गिगाहर्ट्झच्या आसपासची अँटेना. गोणपाट काढला तर वरून पाणी सुटलेलं, त्या पातळ थरानेच इतका मोठा एको दिला की लादीच्या तळाचा, 3.6 नॅनोसेकंदाने येणारा एको सापडेचना, पुसावं तर दोन मिनिटांत परत ओली. शेवटी डिसेंबरात पहाटे गच्चीवर केलं तेव्हा कुठे तो दिसला.