नव्या सहायक प्राध्यापकांसाठी नेतृत्व प्रशिक्षण कसे आखावे

धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रुजू होणाऱ्या सहायक प्राध्यापकाला रुग्णसेवा येत असते आणि अध्यापनाची पद्धत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मूलभूत अभ्यासक्रमातून शिकता येते. माणसे एकत्र आणून काम तडीस नेण्याचे शिक्षण मात्र त्याला सहसा मिळत नाही.

म्हणून व्याख्यानांनी सुरुवात करू नये. प्रत्येकाला वर्षभर पुरेल असे एक खरे काम सोपवावे, उदाहरणार्थ सातपुड्यातील अक्राणी-अक्कलकुव्याकडून येणाऱ्या सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) रुग्णांचा पाठपुरावा सुधारणे. पहिल्याच बैठकीला परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आशा कार्यकर्त्या आणि पावरी किंवा भिली बोली जाणणारा सहकारी यांना बोलवावे, कारण रुग्ण परत का येत नाही हे विभागप्रमुखांपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते. झालेला निर्णय, जबाबदार व्यक्ती आणि मुदत लिहून ठेवावी व पुढची बैठक त्याच नोंदीपासून सुरू करावी.

मार्गदर्शक दुसऱ्या विभागातील असावा. आपला वार्षिक कार्यमूल्यमापन अहवाल लिहिणाऱ्या वरिष्ठांसमोर अडचणी मोकळेपणाने मांडणे कोणालाही जड जाते. अभिप्राय एकांतात आणि प्रत्यक्ष पाहिलेल्या प्रसंगावरच द्यावा. प्रमाणपत्र वाटपाचा समारंभ नसला तरी चालेल (तो बहुधा होतोच), पण या कामासाठी आठवड्यातील ठरावीक वेळ विभागाच्या वेळापत्रकातच राखून ठेवावा.