पाचव्या फ्रेटवरून हात पुढे कसा सरकला
गिटारवर ए मायनर पेंटॅटॉनिक ही पाच स्वरांची मालिका वाजवताना माझा हात पाचव्या ते आठव्या फ्रेटच्या (गिटारच्या मानेवर धातूच्या पट्ट्यांनी पाडलेल्या घरांच्या) चौकटीतच अडकत असे आणि पुढच्या चौकटी पाठ करूनही ती अडचण सुटत नव्हती. ती सुटली एकाच तारेवरच्या रियाजाने. पाचवी तार मोकळी छेडून ३, ५, ७, १० आणि १२ व्या फ्रेटपर्यंत जाताना मी स्वरांची नावे मोठ्याने म्हणत असे: ए, सी, डी, ई, जी, पुन्हा ए. (धानी रागाचे स्वर हेच, त्यामुळे कान तयारच होता.) मग षड्जाच्या, म्हणजे इथे ए स्वराच्या, जागा जोडल्या: सहाव्या तारेवर ५ वा फ्रेट, चौथीवर ७ वा, दुसरीवर १० वा. ही शेवटची उडी एका फ्रेटने मोठी पडते, कारण तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेतील अंतर इतर लगतच्या तारांपेक्षा एका अर्धस्वराने (म्हणजे एका फ्रेटने) कमी असते. हे कारण उमगल्यापासून तिथे बोट अडखळत नाही.