स्क्रोल सॉवर या चुका टाळा: पातं तुटतं त्यात मशीनचा दोष नसतो

रविवारी सकाळी माझ्या गॅरेजात चार-पाच जण जमतात. कुणी नवीन नक्षी आणतं, कुणी अर्धवट कापलेला मोर, कुणी नुसताच चहाला येतं. आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी एक नवा चेहरा येतो. तुटलेली पाती कागदात गुंडाळून आणलेली असतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काकू, मशीनच डिफेक्टिव्ह निघालं."

मशीन म्हणजे स्क्रोल सॉ, बारीक पातं खाली-वर हलवून लाकडात नक्षी कापणारं यंत्र. बारा वर्षांत खरोखर डिफेक्टिव्ह मशीन मी एकच पाहिलं. बाकी सगळ्यांचं दुखणं पात्यात, लाकडात नाहीतर हातात होतं. तेच ते सांगून कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सर्वात आधी पातं उलटं लावलेलं नाही ना, ते बघा. हसू नका. गेल्या दिवाळीत एक सॉफ्टवेअरवाला मुलगा आठवडाभर कस्टमर केअरशी भांडून माझ्याकडे आला होता. लाकूड टेबलावर टणाटण उड्या मारतंय, मोटर बदलून द्या, ही त्याची मागणी. पात्याचे दात वरच्या बाजूला तोंड करून होते, म्हणून प्रत्येक फेरीला फळी उचलली जायची. दात खालीच बघायला हवेत. बारीक पात्याचे दात डोळ्यांना दिसत नाहीत, तेव्हा दातांच्या बाजूवरून बोट हळूच खालून वर फिरवा. बोट अडकलं तर पातं बरोबर, सुळकन गेलं तर उलटं. काही पात्यांना खालच्या टोकाला थोडे उलटे दात मुद्दाम दिलेले असतात, फळीच्या मागच्या बाजूला ढलप्या निघू नयेत म्हणून. ते टोक खालीच राहिलं पाहिजे.

ढकलू नका

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. नवशिक्या माणसाला लाकूड ढकलायचंच असतं. हॅक्सॉनं पाइप कापल्याची सवय असेल किंवा जिगसॉ वापरलेला असेल, तर विचारूच नका. अंगठे पांढरे पडेपर्यंत फळी पात्यावर रेटतात. पातं मागे वाकतं, मग बाजूला कलतं, तापतं, धूर निघतो आणि 'टक्' करून तुटतं. अर्ध्या तासात सहा पाती संपवणारी माणसं मी बघितली आहेत. पातं पाच इंच लांब, आणि पाच नंबरचं घेतलं तरी जेमतेम एक मिलिमीटर रुंद. त्याच्याकडून कुऱ्हाडीच्या अपेक्षा कशा धरता?

शिलाई मशीन चालवणाऱ्या बायका हे यंत्र पुरुषांपेक्षा लवकर शिकतात, हे माझं निरीक्षण आहे. कापड ओढायचं नसतं, नुसती दिशा द्यायची असते, हे त्यांच्या हाताला माहीत असतं. फरक एवढाच की शिलाई मशीनमध्ये खालचे दाते कापड पुढे सरकवतात, इथे फळी आपल्याला पुढे न्यावी लागते. न्यायची, रेटायची नाही. पातं सरळ उभं राहील इतपतच दाब. ते जरा जरी मागे वाकताना दिसलं की हात सैल सोडा.

ढकलावंसं वाटतं त्याचं कारण बहुतेक वेळा पातं बोथट झालेलं असतं. ते तुटेपर्यंत वापरायची आपल्याकडची काटकसर इथे महागात पडते. सागवानात तर पातं फार लवकर मरतं, कारण त्या लाकडात मुळातच सिलिका असते, म्हणजे बारीक वाळूच म्हणा. पंधरा-वीस मिनिटं सलग कापलं की मी पातं बदलते, तुटो न तुटो. ज्याला त्याला पहिलं काम सागवानातच हवं असतं, त्याला मी काय करणार! शिवण घ्या. हलकं, वळणावर गुणी लाकूड आहे. हात बसला की सागवान आहेच.

दुसरं कारण ताण. पातं सैल असेल तर ते लाकडाच्या आत पोट काढतं. वरून रेघ अगदी बरोबर दिसते आणि फळी उलटली की खालची कड दोन-तीन मिलिमीटर भलतीकडे गेलेली असते. माझ्या पहिल्या देव्हाऱ्याच्या दोन्ही बाजू अशाच कापल्या गेल्या. 18 मिलिमीटरचा साग, वर एक महिरप दिसायची, खाली दुसरीच. त्या बाजू अजून ठेवल्यात, नव्या माणसाला दाखवायला बऱ्या पडतात. ताण कसा ओळखायचा? तंबोऱ्याची तार छेडतात तसं पातं नखानं छेडायचं. स्वच्छ 'टिंग' असा आवाज यायला हवा. 'थद्द' आला तर अजून आवळा. बोटानं बाजूला दाबलं तर तीनेक मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. पुस्तकात आणखी पद्धती असतील, माझं काम कानावर चालतं. आणि काम संपलं की ताण सोडून ठेवा.

"पातं उजवीकडेच पळतंय" ही तक्रारही याच्याच जोडीनं येते. हो, पळतं. बहुतेक पात्यांना बनवताना एका बाजूला किंचित कंगोरा राहतो आणि ती बाजू जास्त खाते. हा दोष नाही, पात्याचा स्वभाव आहे. फळी सरळ समोर न धरता थोडी तिरकी धरून चालवा, दोन-चार अंश, किंवा स्टूलच जरा सरकवून बसा. पात्याशी भांडत बसणाऱ्यांची सरळ रेघ कधीच सरळ येत नाही.

टेबल काटकोनात आहे का, हे मशीनवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवून ठरवू नका. गुण्या लावा. त्याहून खात्रीचा माझा उपाय असा: टाकाऊ जाड तुकड्यात दोन-तीन मिलिमीटर खाच मारायची, तुकडा अर्धा फिरवून पात्याच्या मागून तीच खाच पात्यावर सरकवायची. अलगद बसली तर टेबल सरळ. अडली तर टेबल कललेलं आहे.

देवनागरीची पाटी

आता दुसरी लाडकी चूक, आणि ही मी स्वतः केलेली आहे.

इंग्रजी अक्षरांचे नमुने हवे तेवढे मिळतात. लोक तेच नियम आपल्या अक्षरांना लावतात आणि फसतात. आपल्या अक्षराच्या डोक्यावर शिरोरेखा आहे. फळीत अक्षराच्या आकाराची आरपार भोकं पाडायची असतील तर ही शिरोरेखा वरून झाकण घालते आणि प, म, य, ष या सगळ्यांच्या पोटातला तुकडा सुटा होऊन खाली पडतो. 'व'चं पोट तर मुळातच बंद. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ तर त्या तुकड्याचेही दोन भाग करते. मग 'पवार' कापायला घेता आणि टेबलाखालून तुकडे गोळा करत बसता. अशा वेळी प्रत्येक पोटाला बाहेरच्या लाकडाशी जोडणारा एक बारीक पूल सोडावा लागतो, आणि तो कागदावरच काढावा लागतो. कापता कापता पूल सुचत नाहीत.

उलट, अक्षरंच कापून काढायची असतील तर शिरोरेखा मित्र होते, सगळं नाव एका तुकड्यात राहतं. पण तिथेही अनुस्वार हवेत तरंगतो. 'मंगलमूर्ती' कापलं आणि टिंब भुशाबरोबर झाडून टाकलं, असं आमच्यातल्या एकाचं झालंय. त्यानं शेवटी मसूर चिकटवला. वाईट दिसत नव्हता, पण असो.

माझी गोष्ट रफाराची. पुतणीच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि मी मोठ्या तोऱ्यात 'कुलकर्णी' अशी सहा मिलिमीटर सागवानाची पाटी कबूल केली. एका अखंड तुकड्यात, मागे आधाराला काही नाही, भिंतीवर नुसती अक्षरं. लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, आडवी ठेवली, कारण शिरोरेखा लांब आणि तीच मोडू नये. हिशोब बरोबरच होता, पण अर्धाच. रेषा आडवी म्हटल्यावर सगळे उभे दांडे रेषेला आडवे गेले. 'णी'चा काना शिरोरेखेला जिथे चिकटतो तिथे जेमतेम चार मिलिमीटर लाकूड, त्यात रेषा आडवी. रफाराची मान तर तीन मिलिमीटरचीच.

आदल्या रात्री साडेअकराला कापून झालं. एकही पातं न तुटता. मी इतकी खूष की घाईघाईनं कागद सोलायला घेतला. कागद थेट लाकडावर चिकटवला होता, तो निघेना. नखानं ओढला. आधी रफार गेला. तो चिकटवण्यासाठी पाटी उलटी केली तर 'णी'चा काना हातात आला. मग कु-चा उकार. फेविकॉल लावून, वर इस्त्रीचं वजन ठेवून रात्री दोन वाजता झोपले. सकाळी पाटी लागली, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि पहिल्या पावसाळ्यात काना पुन्हा निसटला. आता तिच्या दारावर 'कुलकर्णी' आहेत ते सहा मिलिमीटर प्लायमधले आणि मागे सागवानाची फळी आहे.

तेव्हापासून माझं ठरलंय. देवनागरीचं अखंड नाव कापायचं तर प्लायच. त्यातले थर आडवे-उभे असल्यामुळे सर्व बाजूंनी थोडं थोडं बळ मिळतं. भरीव लाकूडच हवं असा हट्ट असेल तर मागे फळी लावा. कुठलीही मान पाच मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका, मग अक्षर थोडं जाडजूड दिसलं तरी चालेल. आणि कागद लाकडावर थेट कधीच नाही. आधी मास्किंग टेप, त्यावर ग्लू स्टिकनं कागद, आणि सर्वात वर पॅकिंगची पारदर्शक चिकटपट्टी. वरच्या चिकटपट्टीमुळे पातं कमी तापतं आणि कडा जळून काळ्या पडत नाहीत. मास्किंग टेपमुळे शेवटी सगळं एका ओढीत निघतं. नवशिके या दोन टेपांचे पैसे वाचवतात आणि मग दोन तास कागद खरवडतात.

प्लाय घेताना कडेकडून बघा. गाभ्यात पोकळी असेल आणि तुमची बारीक मान नेमकी तिच्यावर आली तर ती गेलीच समजा. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात हात लावून, उलटंपालटं करून माल घेता येतो. घरबसल्या मागवलेल्या स्वस्त प्लायमध्ये काय निघेल ते कापल्यावरच कळतं.

बाकीच्या किरकोळ

आधी आतली भोकं, मग बाहेरची कड. बाहेरचं आधी कापलं की धरायला काही उरत नाही.

भोक पाडताना खाली टाकाऊ फळी ठेवा, नाहीतर मागून ढलपी निघते. पाच नंबरच्या साध्या पात्याला दीड मिलिमीटरचं भोक पुरतं. टोकांना आडवी पिन असलेल्या, म्हणजे पिनवाल्या पात्याला मात्र चार-पाच मिलिमीटरचं लागतं, म्हणून पिनवाल्या पात्यानं नाजूक जाळी होत नाही. मशीन घेतानाच साधं पातं बसतं का ते विचारा.

मिनिटाला 400 ते 1600 फेऱ्या असं मशीनवर लिहिलेलं असतं, याचा अर्थ 1600 वरच चालवा असा नाही. वळणांवर मधला वेग ठेवा.

चार थर एकावर एक चिकटवून एका दमात चार मोर कापायचा मोह पहिल्या वर्षी नको. एक मोर चुकला तर एक जातो, ढीग चुकला तर चार जातात.

ओढणी, सैल बाही, बांगड्या नकोत. हे यंत्र सहसा बोट तोडत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण धुळीचं काय? 2018 च्या थर्माकोल बंदीनंतर मखरं एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळ्यांत, कापायची लाट आली. एमडीएफची धूळ पिठासारखी बारीक असते आणि त्या फळ्या फॉर्मल्डिहाइडच्या डिंकानं बांधलेल्या असतात. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क घ्या. आणि बंद खोलीत, पंखा लावून तर अजिबात नको.

मखराची आणखी एक अडचण म्हणजे ते नेमकं श्रावणात कापावं लागतं. हवा दमट, प्लाय वाकलेला, पाती गंजलेली. पाती मी बिस्किटांच्या डब्यात ठेवते, त्यात खडूचे चार तुकडे टाकून. महिन्याभरानं खडू बदलायचे. प्लाय आणल्या आणल्या कापू नका, आठवडाभर घरात आडवा, वजनाखाली ठेवा. आणि लाखेचं पॉलिश भर पावसात मारू नका, पांढरे ढग धरतात. मग पॉलिश पेपरनं सगळं घासून पहिल्यापासून सुरू. दर वर्षी चतुर्थीच्या तीन दिवस आधी कुणीतरी असं ढगाळ मखर घेऊन माझ्या दारात उभं असतं. त्यांना मी सांगते, या वर्षी कोरंच बसवा, दसऱ्यानंतर ऊन पडलं की पॉलिशला घेऊन या.