काकांच्या धनुष्याचे साल कसे सापडले

सोलापुरातील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर, विरलेल्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेले थोरल्या काकांचे रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) धनुष्य सापडले, तेव्हा ते कुठले आणि कधीचे हे सांगणारे घरात कोणीच उरले नव्हते. ओलसर मऊ फडक्याने धूळ टिपल्यावर भुजेवर (मुठीच्या वर-खालच्या लवचिक पात्यावर) ‘बेअर’ हे अमेरिकी धनुष्य-कंपनीचे नाव आणि ‘कॅनडा १९५३’ अशी अक्षरे उमटली, आणि धनुष्य १९५३ सालचे आहे असे मी धरून चाललो.

तिथेच माझी चूक झाली. ते कॅनडातील पेटंटचे साल असून पुढील अनेक वर्षांच्या धनुष्यांवरही तेच छापले जात असे. खरी खूण मुठीजवळ होती. तेथील धातूचे नाणे, म्हणजे कंपनीचे गोल चिन्ह, लाकडाच्या पातळीत इतके चपखल बसवलेले होते की बोट फिरवले तरी कड लागत नव्हती. १९७० च्या दशकातील नंतरच्या धनुष्यांवर ते उंचावलेले असते, म्हणजे हे त्याआधीचे. बॅटरीचा उजेड तिरपा पाडताच बाजूला कोरलेला क्रमांकही दिसला. त्याचा पहिला अंक ७ होता, आणि १९६५ ते १९६९ मधील क्रमांकांत पहिला अंक सालाचा शेवटचा अंक असतो, म्हणून हे धनुष्य १९६७ चे ठरते. कंपनी १९७८ मध्ये फ्लोरिडातील गेन्सव्हिलला गेली. त्यापूर्वीचा तिचा कारखाना मिशिगनमधील ग्रेलिंगला होता, त्यामुळे जन्मगावही उलगडले.

प्रत्यंचा मात्र मी अजून चढवलेली नाही. आधी कापसाचा बोळा दोन्ही भुजांवरून फिरवला. खालच्या टोकाशी तो अडकला, तिथे फायबरग्लासला बारीक चीर आहे.