पहिला छोटा गेमिंग पीसी घेण्याआधीची तयारी

भाचा जळगावहून पुण्याला इंजिनिअरिंगला आला. तिघांच्या खोलीत त्याच्या वाट्याला दोन फुटी टेबल आलं. दिवाळीत भेटला तेव्हा म्हणाला, "मामा, मॉनिटर सोडून साठ हजारांत गेमिंग पीसी बसेल का? पण छोटा हवा. सुट्टीत घरी नेता आला पाहिजे." त्याला कागदावर जी यादी करून दिली, तीच इथे जरा सविस्तर लिहितोय. यादीचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. मोठ्या कॅबिनेटमध्ये कुठला पार्ट आधी घेतला याने फारसं बिघडत नाही. छोट्या कॅबिनेटमध्ये प्रत्येक पार्ट पुढच्याची जागा खातो, म्हणून मागेपुढे केलं की पैसे अडकतात.

सुरुवात मोजपट्टीने करा. टेबलावर किंवा टेबलाखाली नेमकी किती जागा मोकळी आहे ते मोजा आणि मागच्या बाजूला केबल वळायला चार बोटं सोडा. मग जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापून कॅबिनेटच्या मापाचा डबा करा आणि दोन दिवस तिथे ठेवून बघा. आम्ही ३८ बाय १९ बाय २५ सेंटिमीटरचा केला होता. गुणाकार केला की साधारण १८ लिटर होतात, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दुधाच्या छत्तीस पिशव्या. नेहमीचं उभं कॅबिनेट ४५ लिटरच्या आसपास असतं. भाच्याने तो पुठ्ठ्याचा डबा टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला, शेजारी वही उघडून बसला आणि दुसऱ्या दिवशी उजवीकडे हलवला, कारण डावीकडे खिडकीचं ऊन येत होतं. हे पार्ट घ्यायच्या आधी कळलं ते बरं झालं.

लिटरच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. पहिला पीसी आणि बजेट मोजकं, तर १८ ते २५ लिटरच्या मध्ये राहा. आठ-दहा लिटरचे डबे दिसायला देखणे असतात, पण त्यांना लागणारा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) वेगळा, प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर बुटका, मदरबोर्ड (ज्यावर सगळे पार्ट जोडतात तो) महाग, आणि हात घालायला जागा नाही. तेवढ्याच पैशात मोठं ग्राफिक्स कार्ड येतं.

आता एका कागदावर लिहा की तुम्ही प्रत्यक्षात कुठले गेम खेळणार आहात. सहा महिन्यांनी खेळू असं वाटणारे धरू नका. व्हॅलरंट, काउंटर स्ट्राइक २, फिफासारखे खेळ आणि अधूनमधून जीटीए असेल तर १०८० पिक्सेलचा मॉनिटर आणि मधल्या फळीतलं कार्ड भरपूर झालं. मॉनिटर आधीच घरात असेल तर त्याचं रिझोल्यूशन आणि हर्ट्झ (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो ते) लिहून ठेवा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर १४४ फ्रेम दिसत नाहीत, त्यासाठी कार्डावर जास्त पैसे घालू नका.

बोर्डाचा आकार दोनपैकी एक. मिनी-आयटीएक्स १७ बाय १७ सेंटिमीटरचा असतो, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४.४ बाय २४.४. आपल्याकडे मिनी-आयटीएक्स बोर्ड कमी मिळतात आणि त्याच दर्जाच्या मायक्रो-एटीएक्सपेक्षा बरेच महाग पडतात. म्हणून मायक्रो-एटीएक्स बसेल असं छोटं चौकोनी कॅबिनेट मिळत असेल तर माझा कौल त्यालाच. पीसी दर महिन्याला उचलून न्यायचा असेल तरच मिनी-आयटीएक्सचा जास्तीचा भाव मोजावा.

कॅबिनेट निवडताना त्याच्या माहितीपत्रकातले तीन आकडे उतरवून घ्या: ग्राफिक्स कार्डाची कमाल लांबी, प्रोसेसर कूलरची कमाल उंची, आणि एसएमपीएस कुठल्या मापाचा व किती लांब बसतो ते. या तीन आकड्यांवर पुढचं सगळं उभं आहे. इथे माझा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी असाच एक पीसी असेंबल केला. कॅबिनेटवर कार्डाची लांबी ३०० मिलिमीटर लिहिलेली, मी घेतलेलं कार्ड २८२ मिलिमीटर. निवांत होतो. बसवायला गेलो तर कार्डाचं शेपूट पुढच्या पंख्याच्या चौकटीवर टेकलं. पंखा २५ मिलिमीटर जाड, म्हणजे खरी जागा २७५ उरलेली. सात मिलिमीटरने अडलं. दुकानदाराने सील फोडलेलं कार्ड परत घेतलं नाही, आणि पुढचा पंखा काढून टाकून मला पहिला उन्हाळा काढावा लागला. तेव्हापासून लिहिलेल्या लांबीतून पंख्याचे २५ वजा करतो आणि जाडीसुद्धा बघतो. एक स्लॉट म्हणजे साधारण दोन सेंटिमीटर. बरीच कार्डं अडीच स्लॉट जाड असतात आणि छोट्या डब्यात त्यांचे पंखे बाजूच्या पत्र्याला जवळजवळ चिकटतात.

मग कार्ड. एकूण रकमेतला तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के इथे जाऊ द्या, कारण खेळ किती गुळगुळीत चालणार हे मुख्यतः इथे ठरतं. मर्यादित बजेटसाठी आरएक्स ६६०० हे माझं आवडतं कार्ड आहे: ८ जीबी मेमरी, १३२ वॉट, आणि दोन पंख्यांची आखूड मॉडेल सहज मिळतात. थोडे जास्त पैसे असतील तर आरटीएक्स ४०६०, ते ११५ वॉटमध्ये भागतं. छोट्या डब्यात वॉट कमी म्हणजे उष्णता कमी, हे विसरू नका. आरटीएक्स ३०५० घेताना ८ जीबीचं की ६ जीबीचं ते नीट वाचा. नाव एकच असलं तरी ६ जीबीचं कार्ड हळू आहे. त्याचा एक फायदा मात्र आहे, ते ७० वॉटचं असल्याने बहुतेक मॉडेलना एसएमपीएसची वेगळी वायर लागत नाही. ४ जीबीच्या कार्डांकडे नवीन खरेदी करताना वळू नका. सेकंडहँड घेणार असाल तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन, अर्धा तास गेम चालवून आणि मूळ बिल हातात घेऊनच.

प्रोसेसरसाठी सहा कोर पुरेसे. एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय५ १२४०० एफ, दोन्ही २०२२ मध्ये आले आणि १०८० पिक्सेलला आजही धडधाकट आहेत. दोन्हींच्या खोक्यात कूलर मिळतो, तेवढे पैसे वाचतात. रायझन ५ ५५०० स्वस्त दिसतो, पण तो पीसीआयई ३.० वर (कार्डाला जोडणाऱ्या रस्त्याच्या जुन्या, हळू पिढीवर) थांबतो आणि वर सांगितलेल्या कार्डांना त्या रस्त्याच्या आठच लेन, त्यामुळे काही गेममध्ये तिथे घसरण होते. इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल तर त्यात स्वतःचे ग्राफिक्स नाहीत. कार्ड यायला उशीर झाला तर पडदा काळाच राहणार. साध्या ५६००चंही तेच. कार्डाचे पैसे आत्ता नसतीलच तर ५६००जी किंवा ८६००जी घ्या, त्यांच्यातल्या ग्राफिक्सवर व्हॅलरंट व्यवस्थित चालतं, कार्ड वर्षभराने घालता येतं.

एएम४ की एएम५, म्हणजे बोर्डावर एएमडीच्या प्रोसेसरची जुनी बैठक की नवी (५६०० आणि ५६००जी जुनीवर बसतात, ८६००जी नवीवर), हा प्रश्न भाच्याने तीनदा विचारला. एएम५ वर पुढचे प्रोसेसर बसत राहतील, पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते. एएम४ चा रस्ता संपला आहे, तरी बोर्ड स्वस्त आणि जुनी डीडीआर४ रॅम चालते. साठ हजारांत मी एएम४ घेऊन उरलेले पैसे कार्डात घालायला सांगितलं. बोर्डाचा चिपसेट बी५५० असला तर उत्तम. जुना बी४५० स्वस्तात मिळत असेल तर ५००० मालिकेसाठी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं आहे का ते दुकानातच विचारा, नाहीतर सगळं जोडून झाल्यावर पीसी सुरूच होणार नाही.

रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या. एकच १६ ची पट्टी लावली तर मेमरीचा रस्ता अर्धा होतो. कार्डाशिवाय चालवणाऱ्यांना हा फटका सगळ्यात जास्त बसतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढले आहेत, त्यामुळे घरात, ऑफिसात, मित्राकडे जुना डेस्कटॉप पडून असेल तर त्यातली डीडीआर४ तपासा. लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती बसत नाही. एसएसडी बोर्डावर थेट बसणारी एम डॉट टू एनव्हीएमई घ्या, लांबी २२८० म्हणजे ८० मिलिमीटर. वायरी लागत नाहीत हा छोट्या डब्यातला मोठा फायदा. ५०० जीबीमध्ये चार मोठे गेम की डिस्क भरलीच, म्हणून जमलं तर १ टीबी.

एसएमपीएसवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि लोक नेमके तिथेच पैसे वाचवतात. दुकानात कॅबिनेटसोबत "४५० वॉट" लिहिलेला डबा फुकटात देऊ करतात. तो उलटा करून बाजूचं लेबल वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. त्या रकान्यात १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉटच तिथे मिळणार. बाकीचे वॉट कागदावरचे. चांगल्या ४५० वॉटच्या युनिटवर ३६-३७ अँपिअर असतात, गुणाकार ४४० च्या घरात जातो. आपलं कार्ड १३२ वॉटचं, प्रोसेसर फार ताणला तर ८० च्या आसपास, बाकी मिळून पन्नासेक. ४५० ते ५५० वॉटचं, ८० प्लस ब्राँझचं (वीज कमी वाया जाते याचा शिक्का), ओळखीच्या कंपनीचं युनिट निवांत पुरतं. कॅबिनेटमध्ये नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस बसत असेल तर तोच घ्या. लहान एसएफएक्स त्याच दर्जाला बराच महाग असतो. वायरी सुट्या होणारा घेतलात तर आतला गुंता कमी होतो. मात्र दुसऱ्या एसएमपीएसच्या वायरी त्यात कधीही लावू नका. टोकं सारखी दिसली तरी आतली जोडणी वेगळी असते आणि पार्ट जळतात.

खोलीतल्या प्लगला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही असं समजा. वीज ये-जा करत असेल तर यूपीएसचे पैसे पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो, या पीसीला गेम बंद करून नीट शटडाउन करायला तेवढा पुरतो.

उष्णतेचा विचार पुण्यापुरता करू नका. जळगावला मे महिन्यात पारा ४३ पर्यंत जातो, आणि खोली जितकी तापते जवळजवळ तितकंच आतलं तापमानही वर सरकतं. पुण्यात जानेवारीत कार्ड ६८ वर स्थिर होतं म्हणून खूश झालात तर मे महिन्याची बेरीज करून बघा. त्यामुळे काचेच्या पॅनेलपेक्षा जाळीचं पॅनेल, आत हवा ओढणारा निदान एक पंखा, आणि धुण्याजोगी जाळी. रायझनसोबतचा कूलर ५४ मिलिमीटर उंच आहे, बहुतेक डब्यांत बसतो. आवाज सहन झाला नाही तर नंतर बदला.

विंडोजची किंमत बजेटमध्ये वेगळी लिहा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आता ११ च घालायचं. व्हॅलरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन सेटिंग चालू लागतात. दोन्ही बायोसमध्ये असतात.

यादी पक्की झाली की तीन ठिकाणी भाव काढा: ऑनलाइन, गावातलं ओळखीचं दुकान, आणि मुंबईला जाणं होत असेल तर ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. तिथे एकाच दुकानात सगळं कोटेशन मागा, मग पार्टगणिक भाव विचारा; फरक दिसतो. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. "बिलाशिवाय स्वस्त" म्हणजे वॉरंटीशिवाय. कॅबिनेट आणि कार्ड एकाच दिवशी घ्या आणि शक्य असेल तर दुकानातच कार्ड आत ठेवून बघा.

जोडायच्या दिवशी चुंबकी टोकाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, स्क्रूसाठी दोन वाट्या आणि दुपार मोकळी ठेवा. बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी बाहेर खोक्यावर ठेवूनच प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि कूलर बसवा. प्रोसेसरच्या आठ पिनांची वायर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात जाते, ती कूलर आणि पत्र्याच्या फटीतून नंतर जात नाही, म्हणून आधी ओढून ठेवा. ती कार्डाच्या आठ पिनांच्या वायरीपेक्षा वेगळी आहे, टोकावरचा सीपीयू हा शब्द वाचा. कार्ड शेवटी. मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही. सुरू झालं की बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा छापील वेग लावणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वर चालत राहते, आणि विंडोजमध्ये मॉनिटरचे हर्ट्झ वाढवा.

पहिल्या आठवड्यात रोज तासभर गेम खेळून तापमान लिहून ठेवा. काही बिघाड असेल तर तो बदलून मिळण्याच्या मुदतीतच दिसलेला बरा. खोकी फेकू नका, विशेषतः कार्डाचं. भाचा सुट्टीत जळगावला निघतो तेव्हा कार्ड काढून त्याच्या खोक्यात घालतो आणि मांडीवर घेऊन बसतो. कॅबिनेट कपड्यांमध्ये गुंडाळून सॅकमध्ये. एसटीच्या धक्क्यांनी जड कार्ड लटकून स्लॉट तुटू शकतो. घरी पोचलं की पाच मिनिटांत कार्ड पुन्हा बसतं, फक्त त्याची वायर लावायची राहू देऊ नका.